कोरड्या बोरांचं शून्य

"लेकराले त्या बोरचं पाणी पाजू नको वं," असं रुक्माबाईंनी सुनेला बजावलं, तेव्हा चंचल नुकती रांगायला लागली होती. प्रीती बी.एस्सी. झालेली. पाणी तर काचेसारखं दिसून राह्यलं, आई, असं म्हणत तिनं हंडा भरला. सातव्या वर्षी चंचलला पक्के दात आले, ते तपकिरी पट्टे घेऊनच.

नार्नूरकडच्या त्या वाडीत बोर चार. तीन कोरडे, चौथ्यावर अख्खं गाव. चंचलच्या दातांचा दाखला देऊन प्रीतीनं टँकरसाठी दरख्वास्त दिली, तसे आदिलाबादहून सर्वेक्षण अधिकारी माणिकराव बाटल्या घेऊन आले. चौथ्या बोरात फ्लोराइड निघालं लिटरला साडेचार मिलिग्रॅम, चालतं दीडपर्यंत. उरलेल्या तीन बाटल्या रिकाम्याच परत गेल्या आणि त्यांच्यापुढे नियमानुसार शून्य पडलं. चारही बोरांची सरासरी सव्वाच्याही आत आली. गाव सुरक्षित ठरलं.

"साहेब, त्या तिन्हींत पाणीच नाही."

"म्हणून तर फ्लोराइड नाही."

"पण आमी सारे पितो या एकाच बोरचं."

"बाई, तुमी बोरच्या नाही, गावाच्या रहिवासी आहात," माणिकराव समजावणीच्या सुरात म्हणाले. "गावाचा आकडा चांगला आहे."

मे महिन्यात चौथ्या बोरचा आकडा साडेसहावर गेला आणि सरासरीनं दीड ओलांडला. आता टँकर येणार म्हणून प्रीतीनं ड्रम घासून ठेवले. आली ती बोर मारायची गाडी. तीनशे फूट खाली गेली तरी नुसता फुफाटा. माणिकरावांच्या जिवात जीव आला. ओल लागली असती तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. पाचवं शून्य मिळताच सरासरी सव्वाच्या आसपास उतरली आणि पेढे वाटले गेले.

सरपंच भगवंतरावांचा सत्कार झाला. हार घालताना त्यांची मान काही वाकेना. त्याच बोरच्या पाण्यानं ती कितीतरी वर्षांपासून वाकत नव्हती. अहवालात 'गाव स्वाभिमानी आहे' अशी नोंद झाली. प्रीतीच्या दरख्वास्तीलाही रीतसर उत्तर आलं: एका मुलीच्या दातांवरून गावाविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

चंचल आता तोंडावर हात धरून हसते. तिच्या वर्गातली बाकीची पोरंही.

तुमच्या गावचा आकडा चांगलाच असेल, प्रीतीला त्याबद्दल शंका नाही. तिचं मागणं एवढंच: आज शेजारच्या लेकराला जरा हसवून बघा. त्यानं हात तोंडाशी नेला, तर हळूच बाजूला करा, आणि ते कुठलं पाणी पितं ते त्याच्या आईला विचारा.