पुण्याचं पाणी आणि नियम क्रमांक सात

पाणी किती अंशांना उकळावं, हे पाण्याच्या हातात नसतं. वरची हवा किती दाबते, त्यावर ते ठरतं. समुद्रकाठी शंभर अंश लागतात. पुणे उंचावर, इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळून मोकळं होतं. (पुण्यात एखादी गोष्ट कमीत उरकली, याचं नवल कुणी करू नये.)

२००२ साली खडकीजवळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीला दर्जाचं प्रमाणपत्र हवं होतं. चेन्नईच्या मुख्य कार्यालयाने प्रत्येक कामाचे नियम पाठवले. चहाचा नियम सातवा : ‘पाणी शंभर अंशांना उकळल्यावरच पत्ती घालावी. तापमान नोंदवावे.’ नियम उत्तम होता. चेन्नईला समुद्र आहे.

चहा करणाऱ्या गोदाबाईंना तापमापक देण्यात आला. इतकी वर्षं त्या नुसत्या आवाजावरून पाणी ओळखत, म्हणजे इतकी वर्षं कंपनी अंधारात होती. पहिल्या दिवशी पाणी खळखळलं आणि पारा अठ्ठ्याण्णववर थांबला. गोदाबाईही थांबल्या. पाणी आटलं, त्यांनी भर घातली, पुन्हा थांबल्या. साडेअकरापर्यंत सत्तर इंजिनिअर चहाविना होते. (त्या सकाळी एकाही प्रोग्रॅममध्ये चूक सापडली नाही, कारण एकही लिहिला गेला नाही.) शेवटी त्यांनी पत्ती घातली आणि रकान्यात खरं ते लिहिलं. लाल शेरा मिळाला. दुसऱ्या दिवशी दुसरा. तिसऱ्या शेऱ्याला नोकरी जाणार होती, आणि घरात मिळवणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

“तुमचं पाणी पूर्ण उकळत नाही, गोदाबाई,” दर्जा अधिकारी मंदाकिनीताई म्हणाल्या.

“अहो, बुडबुडे बघा की.”

“बुडबुड्यांना रकाना नाही.”

शंभू नावाच्या इंजिनिअरने हवेच्या दाबाचा मुद्दा काढला, म्हणून बैठक भरली. अंक बदलायचा तर चेन्नईची मंजुरी हवी, म्हणजे दीड महिना. कुकर लावला तर दाब वाढतो, पण पाणी शंभराच्याही पुढे जातं, म्हणजे पुन्हा शेरा. निष्कर्ष निघाला : नियम योग्य, पाणी सदोष.

तिसऱ्या सकाळी गोदाबाईंनी घाबरतच विचारलं, “ताई, तुम्ही कधी शंभर बघितलंत?”

“शाळेत लिहिलं होतं. मार्क मिळाला.”

“शाळा कुठली?”

“इथलीच. कसब्यातली.”

गोदाबाईंनी पत्ती घातली आणि रकान्यात शंभर लिहिलं. कंपनीला प्रमाणपत्र मिळालं. ते आता शेगडीच्या वर टांगलेलं आहे.

गोदाबाईंना खोटारड्या म्हणू पाहणाऱ्या पुणेकर वाचकाने आपली सातवीची उत्तरपत्रिका आठवावी. मार्क परत करायचा असल्यास शाळा अजून तिथेच आहे.