हवेचं भाडं

देश सोडायचा तर हिशेबानं सोडायचा, असं कात्रीसाहेबांनी ठरवलं आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं.

(कात्रीसाहेब हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, हे सांगायला नको. एका मोठ्या कंपनीत ते लोकांची प्रवासखर्चाची बिलं तपासत, आणि त्यांच्या टेबलावरून एखादं बिल धडधाकट परत गेल्याचं कुणाला आठवत नाही. पाहुण्यानं चहा अर्धा ठेवला म्हणून एका अधिकाऱ्याचं चहाचं बिल त्यांनी अर्ध्यावर आणलं होतं. तो अधिकारी हा किस्सा अजून सांगतो, पण सांगताना हसत नाही.)

साहेबांची बायको समुद्रापलीकडची. लग्न होऊन इकडे आली आणि इकडची भाषा अशी काही शिकली की साहेबांना शब्द सुचेपर्यंत तिचं भांडण संपवून झालेलं असे. आता तिकडे तिची आई एकटी पडली होती, बायकोला तिकडच्या शाळेत नोकरीही मिळाली होती, तेव्हा बिऱ्हाड तिकडे हलवायचं यावर दोघांचं एकमत होतं. अडचण एकच, सासूबाई.

बाई मायेच्या, त्याबद्दल वाद नाही. पण दार वाजवून आत येणं त्यांना परकेपणाचं वाटे. त्यांच्या घरच्या मागच्या मुक्कामात साहेब आंघोळ करत असताना त्या कोरडा टॉवेल घेऊन थेट आत आल्या होत्या, आणि टॉवेल देऊन झाल्यावर नळ कसा गळतो हेही उभ्या उभ्या सांगून गेल्या होत्या. त्या दिवसापासून साहेबांच्या बजेटात 'सासूबाईंच्या गच्चीवर खोली बांधणे, आतून कडीसह' हे कलम सगळ्यात वर होतं.

"खोलीचे पैसे मी वेगळे काढलेत," त्यांनी बायकोला बजावलं. "जग इकडचं तिकडे झालं तरी त्याला हात लावायचा नाही. बाकीचं सगळं उरलेल्यात बसवायचं."

"आणि नाही बसलं तर?"

"नाही बसलं तर तुझ्या आईच्या हॉलमध्ये झोपावं लागेल. म्हणून बसणार."

माल नेणाऱ्या कंपनीचा दर घनफुटावर होता. साहेबांनी टेप काढली आणि घरातल्या एकेका वस्तूला समोर उभी करून जाब विचारला. सोफा नेण्याचा खर्च सोफ्याच्या किमतीहून जास्त निघाला. जेवणाचं टेबल तर सरळसरळ लुटारू ठरलं. कपाटाच्या पोटात निम्मी जागा रिकामी असते आणि आपण ती बोटीनं नेणार, या विचारानं साहेबांचा संताप संताप झाला.

"बाबा, मी किती घनफूट आहे?" मुलीनं विचारलं.

"तू विमानानं येणार आहेस. हलू नकोस, तुझ्यामागचं स्टूल मोजायचंय."

आठवडाभरात घरातलं सामान झाडून विकलं गेलं. सोफा समोरच्या दातांच्या डॉक्टरांनी घेतला, टेबल खालच्या मजल्यावर गेलं, कपाट इमारतीच्या वॉचमननं नेलं. घरात बोललेलं घुमायला लागलं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून जेवताना बायकोचे गुडघे कुरकुरत होते आणि साहेबांच्या चेहऱ्यावर मात्र एखादा किल्ला सर केल्याचं समाधान होतं.

मग उरलेल्या चार खोक्यांचा अंदाज घेऊन ते कंपनीत गेले. काउंटरवरच्या बाईंनी आकडा लिहून कागद पुढे सरकवला.

"हा अख्ख्या कंटेनरचा दर आहे," साहेब म्हणाले.

"हो. त्या बंदराला आमची सामायिक खेप जात नाही. कंटेनर अख्खाच घ्यावा लागतो."

"पण माझी खोकी चार आहेत. ती एका कोपऱ्यात मावतील. बाकीच्याचं काय?"

"बाकीची जागा तुमचीच."

"त्या जागेत काय असणार?"

बाईंनी जरा विचार केला. "हवा."

"म्हणजे मी इकडची हवा भाड्यानं तिकडे नेतोय?"

"सगळेच थोडीफार नेतात, साहेब. तुमची जरा जास्त आहे."

आयुष्यभर ज्यानं दुसऱ्याचा अर्धा कप चहा सोडला नाही, त्याला आता कंटेनरभर हवा गळ्यात घ्यायची होती. साहेब घरी आले ते पायातले बूट न काढता खोलीभर फिरत राहिले. (फिरायला जागा भरपूर होती.)

"दुसरी कंपनी बघ," बायको म्हणाली.

"बघितली. सगळे एकमेकांना सामील आहेत."

"मग पैसे भर आणि सोडून दे. कंटेनर रिकामा गेला म्हणून बोट बुडत नाही."

"प्रश्न बोटीचा नाही, तत्त्वाचा आहे. मी हवेचे पैसे देणार नाही. कंटेनर भरूनच जाईल."

"कशानं?"

साहेब तोवर दाराबाहेर पडले होते. ते समोरच्या दारावरची बेल वाजवत होते.

दातांच्या डॉक्टरांनी दार उघडलं. सोफा आत विराजमान होता आणि त्याच्यावर मोठमोठ्या जांभळ्या फुलांचं कापड चढलेलं होतं.

"डॉक्टर, माझा सोफा परत पाहिजे. दिलेत तेवढे पैसे घ्या."

"तेवढे? कापडाचे कोण देणार?"

"कापड मी सांगितलं नव्हतं. उतरवून ठेवा."

"उतरवलं तर फाटेल. शिवाय माझा जुना सोफा मी टाकून दिला. आता मी बसू कुठं?"

"उभे राहा. दिवसभर उभंच असता ना दवाखान्यात?"

"म्हणून तर घरी बसतो."

बराच वेळ घासाघीस झाली. डॉक्टरांना आयुष्यभर पेशंटला बोलू न देता बोलायची सवय, साहेबांचा काय निभाव लागणार? सोफा तिप्पट भावानं घरी आला, फुलांसकट.

इमारतीत बातमी पसरायला असा कितीसा वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी टेबलाचा भाव चढला. वॉचमननं कपाटाला नवं कुलूप लावून ठेवलं होतं, त्याचे वेगळे. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ तर हमालाच्या डोक्यावर ड्रेसिंग टेबल देऊन दारातच उभे.

"हे आमचं नव्हतं," साहेब म्हणाले.

"नसेल. पण कंटेनर भरायचाय ना? आमच्या सौ.ला ते नकोच झालंय."

साहेबांनी तेही घेतलं, आणि मागोमाग बाकीच्या मजल्यांवरून आलेलंही. मात्र प्रत्येकाकडून तारखेची, सहीची, वस्तूच्या वर्णनासह पावती लिहून घेतली. भावात लुबाडले गेलो तरी कागदात कुणाचं ऐकून घ्यायचं नाही, एवढा मान त्यांनी राखला. विमानाची तिकिटं, भाडं, हमाली सगळं मिळून बजेट काठोकाठ भरलं, पण खोलीच्या पैशांना धक्का लागला नाही. कंटेनरचं दार तिघांनी ढकलून लावलं, तेव्हा साहेब बायकोकडे वळून म्हणाले, "बघ, बोट शिरायला जागा नाही."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मुलीच्या बुटाची नाडी बांधायला घेतली.

तिकडच्या बंदरात कस्टमचा अधिकारी अगदी सज्जन निघाला. त्यानं कंटेनरमध्ये डोकं घातलं, जांभळी फुलं बघून पटकन बाहेर काढलं आणि म्हणाला, "घरचं जुनं, वापरातलं सामान दिसतंय. त्याच्यावर कर नाही. न्या."

बायकोनं साहेबांचा दंड धरला. "चल."

"काही कागद वगैरे नसतील ना?" अधिकाऱ्यानं जाता जाता विचारलं.

हे वाक्य साहेबांच्या वर्मी लागलं. कागद नसतील? ज्याच्यासमोर कागदाशिवाय उभं राहायला माणसं घाबरत, त्याला हा विचारतो, कागद नसतील ना? बायकोनं दंड आणखी घट्ट धरला, पण फाइल दुसऱ्या हातात होती.

अधिकाऱ्यानं पहिली पावती वाचली. दुसरी वाचली. मग खुर्ची ओढून बसला आणि पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हाक मारली. दोघं मिळून वाचू लागले.

"नोकरीत केस पिकले माझे," तो भारावून म्हणाला, "पण असे कागद पाहिले नाहीत. तारीख, सही, वर्णन, सगळं जागच्या जागी."

साहेबांची छाती फुगली. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणीतरी पहिल्यांदाच म्हणत होतं.

"त्यामुळे अगदी स्पष्ट होतंय," अधिकारी पुढे म्हणाला, "की ही सगळी खरेदी गेल्या महिन्यातली आहे. नव्या खरेदीवर कर लागतो. खरेदीची किंमत, अधिक भाडं, त्याच्यावर."

"नवी कुठली? माझाच सोफा आहे तो."

"मग तुमचाच सोफा तुम्ही विकत का घेतलात?"

"कारण मी तो विकला होता."

"का?"

साहेबांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा समुद्राकडे. "पैसे वाचवायला."

अधिकाऱ्यानं हे सहकाऱ्याला परत एकदा सावकाश समजावून सांगितलं. सहकारी पाणी प्यायला बाहेर गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

कर भरून झाला तेव्हा गच्चीवरच्या खोलीची एक वीटसुद्धा शिल्लक नव्हती. कडीपुरते पैसे होते, पण नुसती कडी लावणार कशाला?

त्या संध्याकाळी सासूबाईंच्या हॉलमध्ये एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत साहेबांचं सामान उभं राहिलं. टेबलावर टेबल, कपाटाला चिकटून दुसऱ्याच्या सौ.चं ड्रेसिंग टेबल, आणि मधोमध सोफा, ज्याच्यावर यापुढे जावईबापूंची पथारी पडणार होती. साहेब त्याच्यावर धुमसत बसले होते. वॉचमन, डॉक्टर, काउंटरवरची बाई, कस्टमवाला, एकेकाला ते मनातल्या मनात पत्र लिहीत होते.

सासूबाई अंग चोरत वाट काढत आल्या, त्यांच्या शेजारी बसल्या, दोनदा बसल्या बसल्या उसळून पाहिलं आणि फुलांवरून हात फिरवला.

"जावईबापू, आमच्या नाक्यावरच्या भंगारवाल्याकडे हुबेहूब असाच पडून आहे. फुकट देतोय, पण नेत नाही कुणी. तुम्हाला कितीला पडला हो?"

साहेबांनी घसा साफ केला. चुकीचा आकडा सांगणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"आई," बायकोचा आवाज स्वयंपाकघरातून आला, "त्याला विचारू नकोस. तो खरंच सांगेल."