मध्या मोगलचा काटा

माणूस भेटला की आपण ‘काय, कसं काय?’ म्हणतो. मध्या मोगल आकडा सांगतो. “एक्क्याऐंशी. संक्रांतीला एकोणऐंशी होतास.” झाला नमस्कार. मग चहा.

मधुकर मोगल माझा शाळेपासूनचा मित्र. पंचवटीच्या भाजीबाजारात त्याची आडत आहे. तीस वर्षं कोबीची पोती आणि टोमॅटोचे क्रेट उचलून त्याच्या डोळ्यांतच काटा बसला आहे. समोरच्याकडे बघायचं, मान जराशी तिरकी करायची आणि आकडा टाकायचा. हे मी कौतुकाने सांगतोय असं कृपा करून समजू नका. माझ्या भाचीच्या लग्नात त्याने स्टेजवर जाऊन मुलाच्या आत्याला “ब्याण्णव” असं सांगितलं. त्या बाई जेवल्या नाहीत. तो घरी आला की माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही, चहा मीच नेऊन देतो. माझी नात झाली तेव्हा दवाखान्यात तिला हातावर घेऊन हा म्हणाला, “दोन आठशे.” नर्स म्हणाली, “दोन सातशे, काका.” मध्याने शांतपणे बाळ परत दिलं आणि म्हणाला, “ताई, काटा तपासून घ्या.”

कोणी वाद घातला की त्याचं हे ठरलेलं उत्तर. त्याचा आकडा चुकत नाही, जगातले काटे चुकतात. आणि चीड कशाची येते, तर बहुतेक वेळा तसंच निघतं.

दुसरं खूळ तोलाचं. रिक्षात तिघं बसायचे असले तरी कोण कुठे बसणार हे मध्या ठरवणार. मिसळीच्या हॉटेलात बाकावर बसायच्या आधी तो बाक हलवून बघतो आणि आम्हाला इकडून तिकडे उठवतो. आम्ही छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचे लोक, हातात पावाची बशी धरून जागा बदलत असतो. वेटर हसतात.

एवढं सगळं माहीत असूनही ऑगस्टमध्ये मी त्याला राफ्टिंगला नेलं. कारण सांगतो. ते कारण म्हणजे दिलीप.

दिलीपचं पंचवटीतच इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्याची बायको, आमच्या शोभावहिनी, गेल्या. मुलगी बंगलोरला. तेव्हापासून दिलीप दुकान उघडायचा, बंद करायचा आणि घरी जायचा. रविवारच्या मिसळीला यायचा बंद झाला. फोन केला की “नको रे” एवढंच. घोटीच्या पुढे वैतरणेवर राफ्टिंग सुरू झाल्याचं कळलं, तेव्हा वाटलं, पाण्याला हा नाही म्हणणार नाही. आम्ही सगळे गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीत, पोहायला शिकलो, पण पुलावरून उडी मारणारा दिलीपच होता. तीन आठवडे मी त्याच्या मागे लागलो. शेवटी म्हणाला, “येतो. एकदाच. आणि कुणी मला समजवायला लागलं तर तिथूनच एसटी पकडीन. परत बोलवू नका.”

म्हणजे एक संधी होती. ती कोण घालवणार, हेही मला ठाऊक होतं. आधीच मध्याने वैताग आणला होता. दर दोन-चार दिवसांनी हा दिलीपच्या दुकानात भाजी ठेवून यायचा. मेथी, पालक, वांगी. वायरच्या बंडलांमध्ये ती भाजी सुकायची. मी त्याला एकदा झापलंही होतं, “अरे, घरात कोण शिजवणार आहे? त्याला आठवण करून देतोयस का?” तर म्हणाला, “बघतो.” आणि पुन्हा कोथिंबीर ठेवून आला.

म्हणून आदल्या दिवशी मी फोन करून बजावलं. “मध्या, उद्या दिलीपला वजन सांगायचं नाही. काही झालं तरी नाही.”

“बरं,” मध्या म्हणाला.

सकाळी सहा वाजता गाडी आली. आम्ही सहा जण. मी, मध्या, दिलीप, दाताचा डॉक्टर असलेला आमचा डॉक्टर आणि जोशी-शिंदे ही जोडी. दिलीप बॅग घेऊन गल्लीतून आला. मध्याने त्याच्याकडे पाहिलं. मान तिरकी झाली. तोंड उघडलं, मिटलं, आणि तो वळून डॉक्टरवर घसरला, “तू एकशेचार झालायस! मागं डावीकडं बस, गाडी उजवीकडं दबती.” पुढची पंधरा मिनिटं आम्हाला बसवण्यात गेली. बॅगा त्याने ताणकाट्यावर लटकवून पाहिल्या. हो, ताणकाटा तो घरून घेऊन आला होता. डॉक्टर मला हळूच म्हणाला, “याला घोटीला उतरवून देऊ या का?” मी खरंच तसा विचार केला, खोटं कशाला सांगू.

नदीवर कडेने भातखाचरं, पाणी गढूळ आणि जोरात. धरणातून पाणी सोडलेलं. आमचा गाईड सोमनाथ तिकडचाच, तिशीतला, चेहरा अगदी शांत. तासाभरात मध्याने तो चेहरा बदलून टाकला. हेल्मेटं झाली, लाइफ जॅकेटं झाली. दिलीपच्या जॅकेटचे पट्टे ओढून ओढून शेवटपर्यंत घ्यावे लागले, तरी ते ढिलंच. सोमनाथने त्याला पुढे बसवलं.

“हा पुढं नाय,” मध्या म्हणाला. “हा मधी.”

“काका, ते पोहणारे आहेत ना? पुढं चालतंय.”

“तू आमच्या दिल्याला वळखतो का? मधी म्हंजे मधी. अन् मी त्याच्यासमोर.”

मग डॉक्टर पुढे, जोशी मागे, पुन्हा शिंदे पुढे, जोशीच्या जागी मी. सोमनाथ वल्हं आपटून म्हणाला, “काका, राफ्ट आहे ही, छोटा हत्ती टेम्पो नाय! माल लावताय का?” मागच्या राफ्टमधली कॉलेजची मुलं मोबाईलवर आमचं शूटिंग करायला लागली. मी दिलीपकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता. मला वाटलं, संपलं. हा आता उतरतो आणि एसटी पकडतो.

खडकांवरून पाणी उसळतं अशा पहिल्या दोन घसरणी पार पडल्या. मध्या प्रत्येक ठिकाणी ओरडत होता, “तोल! तोल धरा!” आणि सोमनाथ त्याच्यावर ओरडत होता, “पाय आत रोवा, बाहेर झुकू नका!” तिसऱ्या घसरणीला राफ्ट दिलीपच्या बाजूला कलली. समोरची, मध्याची बाजू वर उचलली गेली. ती खाली दाबायला म्हणून मध्याने आपले शहाण्णव किलो बाहेर टाकले आणि त्यांच्या पाठोपाठ स्वतःही गेला.

लाल हेल्मेट वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. मी वल्हं धरून नुसता बघत राहिलो. दिलीप मात्र जागेवरून उठून पलीकडे पोचला होता. त्याने मध्याच्या जॅकेटचे खांद्याकडचे पट्टे पकडले. सोमनाथ ओरडला, “मागं पडा काका, मागं!” दिलीपने अंग मागे झोकलं आणि मध्या पोत्यासारखा आत आला, थेट त्याच्या अंगावर.

“मध्या, गाढवा!” दिलीप खालून ओरडला. “तोल म्हणे तोल! उठ आधी, मेलो ना मी!”

दहा महिन्यांत त्याचा चढा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. मध्या खोकत होता आणि दिलीप त्याच्या पाठीवर दणके घालत शिव्या देत होता. त्या मी इथे लिहीत नाही. मग तो हसायला लागला. मला इतकं बरं वाटलं की मीही उगाचच मध्याला दोन शिव्या घातल्या.

तरी माझा राग पुरता गेला नव्हता. घोटीला जेवायला थांबलो तेव्हा हात धुताना मी मध्याला गाठलं. “काय नाटक लावलं होतंस सकाळपासून? त्याला इकडे बसव, तिकडे बसव. तो उठून गेला असता तर?”

मध्याने नळ बंद केला.

“अकरा किलो,” तो म्हणाला.

“काय अकरा किलो?”

“दिल्या. वहिनी गेल्या त्या दिवशी मी त्याला धरून रिक्षात बसवलं. तवा चौऱ्याहत्तर होता. आज त्रेसष्ट. तेवढा माणूस राफ्टीच्या टोकाला बसवतात का, सुध्या? उडून जाईल.”

मी दर आठवड्याला दिलीपला फोन करत होतो, आपल्याला किती काळजी आहे याचं मला समाधानही होतं, पण हे मला दिसलं नव्हतं.

“मी रोज बाजारात जाता-येता बघतो ना त्याला,” मध्या म्हणाला. “मैन्याला किलोभर जातोय. कुणाला सांगू? तुम्ही म्हणता वजन बोलू नको. अन् मला दुसरं काय बोलता येतं रे? म्हणून भाजी ठेवतो. मला बी कळतं, शिजवणारं कोणी नाय. पण रिकाम्या हातानं त्याच्यापुढं उभं कसं राहायचं?”

एवढं बोलून तो रस्ता ओलांडून गेला आणि मेथीच्या चार जुड्या घेऊन आला. भाजीचा आडत्या घोटीत मेथी विकत घेतो.

दुपारी चारच्या सुमारास पंचवटीत दिलीपच्या गल्लीपाशी गाडी थांबली. तो उतरला, दोन पावलं गेला आणि परत मध्याच्या खिडकीशी आला.

“मध्या, आज माझं सांगितलं नाहीस.”

मध्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

“किती?” दिलीपने विचारलं.

मध्याने मान तिरकी केली. फार वेळ लावला. “बहात्तर,” म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा त्याने खोटा आकडा सांगितला असेल. दिलीपने आपला ढगळ शर्ट पोटाशी चिमटीत धरून पाहिला.

“काटा तपासून घे,” तो म्हणाला.

“घेतो ना. रविवारी, साडेआठला, मिसळीच्या आधी. तू ये. तू नसलास तर तपासू कशावर?”

दिलीप ‘नको रे’ म्हणाला नाही. मध्याने पायाशी ठेवलेली पिशवी खिडकीतून पुढे केली. दिलीपने ती घेतली, उघडून आत पाहिलं.

“ही निवडतात कशी रे?” त्याने विचारलं.

“थांब, दावतो,” म्हणत मध्या दार उघडून उतरला. दोघं गल्लीत शिरले. दहा पावलं गेल्यावर मध्या वळला आणि भर रस्त्यात ओरडला, “ए डॉक्टर! मी उतरलोय, मधी सरक!”

डॉक्टर मुकाट्याने मधे सरकला.