माकुलातली काडी

खन्नासाहेबांना शिंपल्यांची ॲलर्जी आहे, हे मयूरने जेवणाच्या दिवशी सकाळी सांगितलं. राजश्रीने भिजत घातलेल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्याच, शेजारच्या ममताला देऊन टाकल्या.

"मग माकुलं करते," ती म्हणाली. "त्यांना कुठे शिंपला असतो?"

मयूरला पटलं. दोघंही मालवणची. माकुल म्हणजे मासळी, याबद्दल त्या घरात कधी शंका निघाली नव्हती. शिवाय त्याचं डोकं दुसरीकडेच होतं. आखातातल्या, वेस्ट बेमधल्या नोकरीचा करार महिनाअखेरीस संपत होता आणि तो वाढणं खन्नांच्या हातात होतं.

"एवढं जेवण नीट होऊ दे," तो पुनःपुन्हा म्हणाला, जणू ऑफिसातली त्याची सगळी वर्षं त्या एका फोडणीवर अवलंबून होती.

राजश्रीने माकुलं साफ केली, प्रत्येकातली प्लॅस्टिकसारखी पारदर्शक काडी ओढून कचऱ्यात टाकली आणि खोबऱ्याच्या वाटणात झणझणीत सुकं केलं.

खन्ना बोलत बेताने होते, जेवत मात्र मोकळेपणाने होते. त्यांनी पुन्हा वाढून घेतलं, तेवढ्यात नववीतली ज्ञानदा खोलीतून बाहेर आली.

"आई, स्क्विड? बट अंकल इज ॲलर्जिक."

"शिंपल्यांची गं. हे माकुल."

"सेम फॅमिली. क्लॅम, स्नेल, ऑक्टोपस, स्क्विड, ऑल मोलस्क्स. कझिन्स आहेत ते."

"कसले कझिन्स? याला कवच कुठाय?"

"इनसाइड. ती काडी फेकलीस ना? दॅट वॉज द शेल. बाहेरचं गेलं, आत तेवढंच उरलं."

राजश्रीने खन्नांकडे पाहिलं. त्यांचा खालचा ओठ सुजून पानाच्या दिशेने निघाला होता.

खाली मयूरच्या गाडीला पिकअप आडवी लावून कोणीतरी इशाच्या, रात्रीच्या नमाजाला गेलं होतं. शेवटी ममता तिसऱ्यांखालचा गॅस बंद करून आपली गाडी घेऊन आली. हॉस्पिटलच्या वाटभर तिच्या ओढणीला तिसऱ्यांचा वास, खन्नांचा चेहरा खिडकीबाहेर, आणि मयूरचा आवाज दातांमधून: "नोकरी खाल्लीस माझी."

 खरंच खाल्ली असावी, असं राजश्रीलाही वाटत होतं.

इंजेक्शननंतर खन्नांचे ओठ जागेवर आले. त्यांनी मयूरला खाटेशी बोलावलं. मागे राजश्री आणि ज्ञानदा उभ्या होत्या.

"भाभीजी का कसूर नहीं. मयूर, तुम्हारा रिन्यूअल ऊपरवालों ने पिछले महीने ही काट दिया था. आज खाने के बाद बताने वाला था." ते थोडे लाजले. "खाना अच्छा था, तो टालता गया."

बाहेर कॉरिडॉरमध्ये मयूरने गावी वडिलांना फोन लावला.

"नोकरी गेली, पण माझ्या कामात काय खोट नाय, अण्णा. हिणा सायबाक माकुल खावक घातल्यान, थंयच सगळा बिनसला."

पलीकडून अण्णांचा आवाज चढला. राजश्रीने हात पुढे करून फोन घेतला.

"व्हय अण्णा. माझाच चुकला."

फोन परत घेताना मयूरने तिच्याकडे पाहिलं नाही. मान ताठ ठेवून तो लिफ्टकडे निघाला.

"आई, बाबा इज लाइंग. अंकल तर म्हणाले..."

"गप," राजश्री म्हणाली. "आजचा दिवस राहू दे बाबांची काडी आत."