घरनी बाई कोठे शे?

कुणाच्याही घरी गेलं की अक्का आधी उंबऱ्यातच उभी राहते आणि विचारते, "घरनी बाई कोठे शे?" घरची बाई पुढे आली, चार शब्द बोलली, की मगच आत पाऊल. घरी विचारलं तर ठीक हो, पण ती पोस्टातही विचारते! एकदा डॉक्टरांनी छातीला नळी लावली तर हिचं आपलं, "आधी घरनी बाईले बलाव." डॉक्टरांचं अजून लग्नच व्हायचं होतं.

अक्का आमच्या जळगावच्या खोलीशेजारी एकटीच राहते. मीही एकटीच, कडेवर सहा महिन्यांची पोरगी, कारण हे तिकडे धुळ्याकडे एका जुन्या जहागीरदाराच्या बंगल्यात माळीकामाला. महिनाभर काम बघणार, पसंत पडलं तरच ठेवणार आणि बागेमागची खोली देणार, म्हणजे आम्ही तिघं एका ठिकाणी! दसऱ्यानंतर बंगला बघायला लोकांना सोडतात, हे म्हणाले ये. मला एकटीला एसटीची भीती वाटते, म्हणून अक्काला नेलं. इथंच चुकलं.

बागेत शेवंती अशी फुलली होती, मी म्हटलं जरा बघू दे, पण अक्का सरळ दिवाणखान्यात. भिंतीभर मोठमोठी चित्रं, पगडीवाले, तलवारवाले, एक घोडा, दोन कुत्रे. अक्कानं सगळी बघितली आणि बंगल्याचा कारभार बघणाऱ्या साहेबांनाच गाठलं, ह्यांची नोकरी ज्यांच्या हातात.

"घरनी बाई कोठे शे?"

"आजी, ते लोक जाऊन शंभर वर्षं झाली."

"ते माले बी समजस. तिना फोटू कोठे शे?"

साहेबांनी भिंतीवरून नजर फिरवली.

"घोडाना फोटू शे, कुत्रास्ना शे, आनि बठ्ठास्ले रांधी खावाडे तिनाच नई?" सगळ्यांना रांधून जेवू घातलं तिचंच नाही, असं म्हणत बसली की हो फरशीवर! "तिले भेटाशिवाय मी उठाव नई."

मला वाटलं, गेली नोकरी, गेली खोली! "अक्का, उठ ना वं, पाया पडते!"

"तू पोर सांभाळ."

दारात हे उभे, हातात झारी, तोंड पांढरंफटक.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अडगळीत एक आहे बहुतेक," म्हणाले, आणि स्वतः जाऊन घेऊन आले. लहानसं चित्र. नथ घातलेली बाई, चुलीवर दूध ठेवून आल्यासारखी घाईत. अक्का खूश, "आते कसं!"

साहेब ह्यांना म्हणाले, "घोडा उतरव." हे शिडीवर चढले, चित्र लावलं, अगदी सरळ. खाली उतरल्यावर साहेब हळूच म्हणाले, "मागची खोली दिवाळीआधी झाडून घे. बायकोला घेऊन ये." अक्काचं लक्ष नव्हतं, ती त्या बाईशी बोलत होती.

परतताना पोरगी अक्काच्या मांडीवर झोपली. मी मनातून नाचतच होते, हसत विचारलं, "अक्का, तुला काय एवढं पडलंय घरच्या बाईचं?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "मना धनी जाईसन बारा वरीस व्हयनात. तरी मना दारवर जो येस तो तेस्नंच नाव लीसन इचारस, भाऊनं घर हाईच का? तूच एक शे माय, अक्का म्हनी हाक मारस."

पारोळा गेलं, एरंडोल गेलं, जळगाव आलं. खोली मिळाल्याचं तिला सांगायला माझं तोंडच उघडेना.