दौंडच्या वाटेवर पाच वेळा बंद पडलेली पिकअप

गाडी मला कळते! निदान एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या मार्च महिन्यापर्यंत तरी माझी तशी पक्की समजूत होती. शिक्रापूरच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. नुसत्या आवाजावरून मोटारीचं बेअरिंग गेलंय की पट्टा, हे मी सांगायचो. सांगितलेलं बरोबर निघायचं असं मी म्हणत नाही, पण सांगायचो!

त्यामुळे दौंडला मुलगी बघायला जायचं ठरलं, तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं, "आपल्या पिकअपनं जायचं!"

ही पिकअप माझ्याहून वीस वर्षांनी थोरली. पेट्रोलवर चालणारी, पुढून फुगलेली, जेवून लवंडलेल्या पुढाऱ्यासारखी दिसणारी. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती मेंढरांची ने-आण करायला घेतली होती. मेंढरं कमी झाली, शेती वाढली, पण गाडीचा वास तोच राहिला. तिच्या टाकीचं झाकण कधीच हरवलं होतं. त्या जागी आईच्या जुन्या लुगड्याचा बोळा! आता मुलीच्या दारात चिंधी कोंबलेली गाडी न्यायची? मी कारखान्यातल्या लेथवर पितळी झाकण करून घेतलं. आत रबराची जाड चकती. दाबून फिरवलं की असं गच्च बसायचं, की गाडी विहिरीत बुडवली तरी पाणी आत जाणार नाही!

हे स्थळ म्हणजे तिसरं. आधीच्या दोन्ही ठिकाणांहून निरोपच आले नव्हते. म्हणून झाकण दोनदा घासून चकचकीत केलं.

रविवारी सकाळी आठला आम्ही निमोण्याहून निघालो. मी, आबा, आई आणि बिरदेवमामा. मुलीकडे अकराला पोचायचं होतं. न्हावरा मागे पडलं, आणि गाडीनं एक उचकी दिली, दोन ठसके दिले आणि गप्प झाली.

मी रुबाबात बॉनेट उघडलं. कार्बोरेटरपर्यंत पेट्रोलच येत नव्हतं.

"पेट्रोल संपलं आसंल," आबा म्हणाले. पेट्रोलचा काटा बंद असल्यामुळे आबांचा विश्वास फक्त काठीवर. त्यांनी झाकण फिरवलं.

फुस्सऽऽ!

"साप!" आई केवढ्यानं तरी ओरडली. "अवं, टाकीत साप हाय!"

"पेट्रोलात कुठला साप?" आबांनी काठी बुडवून वर काढली. अर्धी टाकी भरलेली होती. आबांनी झाकण पुन्हा गच्च लावलं.

"पाइपात कचरा अडकलाय," मी निदान केलं. पाइप सोडला, तोंडात धरला आणि जीव खाऊन फुंकला. अर्धा घोट पेट्रोल पोटात गेलं, पण गाडी चालू झाली!

"बघितलं?" मी म्हणालो. बोलताना ढेकर आला, त्यालाही पेट्रोलचा वास.

भीमेच्या पुलाअलीकडे पुन्हा उचकी, पुन्हा ठसके! मी पाइप फुंकला. स्टार्टर मारला. ढिम्म! पुन्हा फुंकला. ढिम्मच! माझे गाल फुग्यासारखे ताणले गेले, पण गाडी ऐकेना.

"हिला डुलवा," बिरदेवमामा म्हणाले. "पेट्रोल एका कोपऱ्यात बसत आसंल."

मामांनी आणि मी गाडी डावी-उजवी डुलवली. आबांनी काठी घातली. फुस्सऽऽ! आई रस्त्याच्या पलीकडे पळाली. स्टार्टर मारला, चालू!

"डुलवल्यामुळं झालं," मामा म्हणाले.

"मघाच्या फुंकरीचा परिणाम उशिरा झाला," मी म्हणालो.

"मी बिरोबाचं नाव घेतलं, त्याचं कुणालाच काय न्हाई," रस्त्यापलीकडून आई म्हणाली.

तिसऱ्यांदा गाडी चौफुल्याच्या आधी थांबली. आता मात्र माझं डोकं चालेना. फुंकरीनं चालू होते म्हणावं, तर मघाशी झाली नव्हती. डुलवण्यानं म्हणावं, तर पहिल्यांदा कुणी डुलवलं नव्हतं. आईनं पिशवीतून भंडारा काढला आणि बॉनेटवर उधळला. मामांनी डुलवली, मी फुंकलं, आबांनी काठी घातली. चालू!

नेमका कुठला उपाय लागू पडतो, ते कुणालाच सांगता येईना. मग ठरलं, की चारही करायचे, आणि त्याच क्रमानं! भंडारा, डुलवणं, फुंकर, काठी. पाटसला आम्ही हे इतक्या शिस्तीत केलं, की उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं थांबून हात जोडले आणि विचारलं, "कुठला देव म्हणायचा ह्यो?"

पाचव्यांदा दौंड समोर दिसत असताना थांबलो. भंडारा संपला होता. आईनं चिमूटभर माती कपाळाला लावली आणि तेवढ्यावर भागवलं.

दीड वाजता आम्ही मुलीच्या वडिलांच्या, दगडोबा पिंगळ्यांच्या, दारात उतरलो. रेल्वे क्वार्टर्सजवळ त्यांचं किराणा दुकान होतं, मागे घर. सगळे भंडाऱ्यानं पिवळे, मी वरून काळासुद्धा. पोहे तीनदा गरम करून त्यांचा गोळा झाला होता.

"लई येळ केला पाव्हणं," दगडोबा म्हणाले. त्यांनी विडी ओठात धरली, काडी ओढणार तेवढ्यात माझा श्वास त्यांच्याकडे गेला असावा. त्यांनी विडी मुकाट्यानं खिशात ठेवली.

मुलगी आली. नाव प्रतिभा. वडिलांबरोबर दुकानात बसायची. तिनं पोहे दिले आणि समोर बसली. मी खाली मान घातली. हेही स्थळ गेलं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. तेवढ्यात आईनं सगळी हकिकत सापासकट सांगून टाकली!

"शंभू गाडीतला दर्दी हाय," मामांनी सावरलं. "मेंटेनन्सला हाय त्यो."

प्रतिभा माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "एक इचारू का?"

मला वाटलं, पगार विचारणार.

"दर येळेला गाडी चालू व्हायच्या आधी टाकीचं झाकण उघडलं होतं का?"

आम्ही चौघं एकमेकांकडे बघू लागलो. आबांची काठी! पाचही वेळा!

ती उठली, तडक बाहेर गेली. मागोमाग आम्ही. पितळी झाकणाला हात घालून तिनं फिरवलं.

फुस्सऽऽ!

आई दगडोबांच्या मागे लपली.

"साप न्हाई मावशी, वारा हाय," प्रतिभा म्हणाली. "आम्ही दुकानात तेलाचा डबा फोडतो, तवा दोन भोकं पाडतो. एकातनं तेल बाहेर येतं, दुसऱ्यातनं वारा आत जातो. एकच भोक पाडलं तर तेल अडकतं. ह्या टाकीत वारा जायला जागाच न्हाई. पेट्रोल बाहेर कसं येणार?"

"व्हय की गं बाई!" आई म्हणाली. "मी पण तसंच करते की डब्याला!"

मग ते पाच तास का नाही सुचलं, हे विचारायची सोय नव्हती. कारण ते आधी मला विचारावं लागलं असतं.

"झाकण कुणी केलं?" दगडोबांनी कौतुकानं विचारलं. "काम मातुर झ्याक हाय!"

आबा, आई आणि मामा तिघंही माझ्याकडे बघू लागले. मी चकचकीत पितळात स्वतःचं तोंड बघत होतो. ते चांगलं दिसत नव्हतं.

"मी," मी म्हणालो. "भोक पाडायचं राहिलं."

प्रतिभा हसली. तोंडाला पदर लावून नाही, चांगली खळखळून! आणि कसं कोण जाणे, मलाही हसू आलं. दिवसभरात पहिल्यांदाच. तिनं दुकानातून एक जुना फडका आणला, टाकीच्या तोंडात कोंबला आणि झाकण माझ्या हातात दिलं.

परतीच्या वाटेवर गाडी एकदाही थांबली नाही. निमोण्यात शिरताना आईच्या लक्षात आलं, की मुलगी पसंत आहे हे सांगायचंच राहिलं!

आठ दिवसांनी दौंडहून पोस्टकार्ड आलं. हात पुसून, देवाजवळ ठेवून मग मी ते वाचलं. दगडोबांनी लिहिलं होतं, "मुलीस मुलगा पसंत आहे. तारीख धरावी. वऱ्हाड एसटीने आणावे."

आणलं. वेळेवर पोचलं!