मंदाकाकूंची मूठ

आमच्या आर्वीत मंदाकाकूंच्या कृषी केंद्रात पहिल्यांदा शिरणारा माणूस दारातच थबकतो. काउंटरमागे साठीला टेकलेली एक उंच बाई अंग एका बाजूला वळवून उभी असते. डावा हात कमरेला खोचलेला, उजवा हात सरळ दाराकडे ताणलेला आणि त्या हातात पाण्याने भरलेली बाटली. नजर बाटलीच्या झाकणावरून थेट गिऱ्हाइकाच्या छातीवर. गिऱ्हाईक मागे वळून बघतं, की बाई नेमकी कोणाला पाणी देऊन राहिली.

"बोल," काकू हात न हलवता म्हणतात. "मी आयकून राह्यली."

"सोयाबीनचं बियानं पाह्यजे होतं, काकू. गाडी उभी हाय भाईर..."

"बियानं भेटन. आधी श्वास सोड. वाघ मागं लागल्यावानी काऊन बोलून राह्यला?"

गिऱ्हाईक श्वास सोडतं. काकूही सोडतात. मग बाटली खाली येते आणि बियाण्याची पिशवी वर.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून आहे, त्यामुळे हा खेळ मी रोज बघतो. काकू पिस्तुलाने नेम मारतात. म्हणजे स्पर्धेत, हवेवर चालणाऱ्या पिस्तुलाने, दहा मीटरवरच्या कागदावर. काकूंचे यजमान वसंतकाका गेले त्याच्या पुढच्या वर्षी त्या भाच्याच्या लग्नाच्या खरेदीला वर्ध्याला गेल्या होत्या. साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर नेमबाजीचा हॉल होता. बाकीच्या बाया साड्या उलगडून घेत होत्या, तोवर ह्या "वर टपटप काय वाजून राह्यलं" म्हणून जिना चढल्या. शिकवणारे सर त्यांच्या मुलाच्या वयाचे. त्यांनी गमतीने पिस्तूल हातात दिलं. काकूंनी लहानपणी बापाच्या ज्वारीत गोफणीने पाखरं हाकललेली. तिसरा छर्रा काळ्या गोलात गेला. साडी घ्यायची राहून गेली.

तेव्हापासून दर शनिवारी एसटीने वर्धा. मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "आई, या वयात लोक भजनी मंडळात जातात." काकू म्हणाल्या, "तिथं माह्या आवाजानं बाकीच्यायचा ताल चुकते. इथं कोनाले तरास नाई."

हॉलमधलं पिस्तूल सगळ्यांनी वापरून गुळगुळीत झालेलं. काकू त्याला धर्मशाळा म्हणत. "कोनीबी येते, राह्यते, जाते." शेवटी या वर्षी त्यांनी स्वतःचं नवं पिस्तूल मागवलं. खोकं भर दुपारी दुकानात आलं आणि काकूंनी ते खतांच्या पोत्यांवरच उघडलं. बातमी संध्याकाळपर्यंत मार्केट यार्डात पोचली. दुसऱ्या दिवसापासून कीटकनाशकांच्या कंपन्यांचे एजंट, जे एरवी थेट आत येऊन खुर्ची ओढत, ते पायरीवर उभे राहून विचारायला लागले, "मॅडम, येऊ का?"

मला वाटलं होतं, पिस्तूल आणलं की मारायला सुरुवात. तसं नसतं. नवं पिस्तूल म्हणजे नवीन सून, काकूंनी मला समजावलं. "घरात आली म्हनजे झालं असं नाई. तिनं आपल्याले समजून घ्याचं, आपन तिले."

मागच्या गोदामात टेप लावून दहा मीटर मोजले. भिंतीला भुश्शाने भरलेली पेटी टेकवली. निशाणाच्या कागदांच्या झेरॉक्स मी काढून दिल्या. पहिल्या दिवशी सगळे छर्रे खाली डावीकडे गेले. काकूंनी नेम धरायच्या मागच्या खाचेचा स्क्रू एक टिक फिरवला, परत मारलं, परत फिरवला. एक टिक, एक चहा, असं चाललं. तिसऱ्या दिवशी छर्रे मधे यायला लागले. मी टाळी वाजवली तर माझ्यावरच डाफरल्या, "टाळी कायले? हे तं पिस्तुलाचं झालं. माहं अजून व्हाचं हाय."

मग ट्रिगर. स्पर्धेचा नियम असा, की ट्रिगरला अर्धा किलो वजन टांगून पिस्तूल वर उचललं तर ट्रिगर सुटायला नको. इतका तरी तो जड पाहिजे. काकूंनी दुकानातलं अर्ध्या किलोचं लोखंडी माप घेतलं, ज्याने त्या फवारणीचं सुटं मोरचूद तोलून देतात. सुतळीने बांधलं, टांगलं, उचललं. सुटला. स्क्रू आवळला. परत उचललं. राहिला. "आमचं माप हाय," काकू समाधानाने म्हणाल्या. "सरकारी शिक्क्याचं."

पण खरी गंमत मुठीची. पिस्तुलाची मूठ लाकडाची असते आणि ती आपल्या हाताप्रमाणे घासून, भरून घ्यायची असते. काकूंनी तळहाताला कपड्यांची नीळ फासली आणि मूठ पकडली. जिथे निळा डाग पडला तिथे हात टेकतो, जिथे नाही तिथे पोकळ. टेकतं ते कानशीने घासायचं, पोकळ तिथे पुट्टी भरायची. कानस चालवायला त्या, पॉलिश पेपर धरायला मी. आठवडाभर गिऱ्हाइकांना निळ्या हाताने बिलं मिळाली. एका म्हाताऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाईले काई चावलं काय?"

सर फोनवर फोटो बघून म्हणाले, "काकू, झकास झाली. आता हात लावू नका."

"नाई जमली," काकू.

"ग्रुप तर मस्त येतोय, सगळे छर्रे एका जागी!"

"छर्रे जातेत बरोबर. पन हात बसून नाई राह्यला."

परत पुट्टी, परत कानस. डोळे मिटून मूठ धरायच्या, थोडा वेळ थांबायच्या आणि मान हलवायच्या. नाई. माझ्या घरी चहात लाकडाचा भुसा निघाला तेव्हा बायको म्हणाली, एवढ्या वेळात माणसाने दिवाण बनवला असता. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मात्र काकूंनी मूठ धरली आणि कितीतरी वेळ सोडलीच नाही. मी पॉलिश पेपर पुढे केला. त्या म्हणाल्या, "ठेव तो. झालं."

वर्ध्याला मी त्यांना माझ्या गाडीने घेऊन गेलो. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला होता आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. ज्येष्ठ महिलांच्या गटात त्या एकट्याच होत्या. नाव नोंदवतानाच त्यांनी सांगितलं होतं, "एकटीनं पयला नंबर घेऊन कोनाले हरवू? मले पोरीयमंदी टाका." टाकलं. हॉलच्या दाराशी एका कार्यकर्त्याने हात आडवा केला.

"आजी, पालकांनी बाहेर बसायचं."

"पालक हा हाय," काकूंनी माझ्याकडे बोट केलं. "याले बसव."

मी बाहेर बसलो. काचेतून सगळं दिसत होतं. तपासणीच्या टेबलावर एका बाईने पिस्तुलाच्या ट्रिगरला तिथलं अर्ध्या किलोचं वजन अडकवलं, उचललं आणि खट् आवाज झाला. ट्रिगर सुटला. परत उचललं, परत सुटला. काकूंचा चेहरा पडला. त्या बाईने समजावलं, घाबरू नका, स्क्रू आवळून परत आणा. काकू दाराशी आल्या.

"दिलीप, माहं माप खोटं हाय रे."

"घासलं असेल काकू, जुनं आहे. चला, स्क्रू आवळू."

"स्क्रू जाऊ दे. मी लोकायले इतक्या दिवसापासून कमी तोलून राह्यलती?"

"चिमूटभर फरक असेल."

"चिमूट का असन ना, त्यायची चिमूट होती!"

ट्रिगर मीच आवळला. दुसऱ्या खेपेला तो पास झाला. पण काकूंचं डोकं मोरचुदात अडकलं होतं. शाळा-कॉलेजच्या मुलींच्या रांगेत त्या उभ्या राहिल्या तेव्हा खांदे वर चढलेले मला काचेतून दिसत होते. पहिले छर्रे वाईट गेले. एक तर काळ्याच्या बाहेर. शेजारच्या मुलीचा बाप माझ्या बाजूला बसला होता, तो हळूच म्हणाला, "आजीबाईंचं राहू द्या आता." मला त्याचा फार राग आला. मला इतका राग येईल असं मला माहीत नव्हतं.

मग काकूंनी पिस्तूल टेबलावर ठेवलं. दोन्ही हात खाली सोडले. परत उचललं, पण नेम धरला नाही. नुसती मूठ धरून, डोळे मिटून उभ्या राहिल्या. बाकीच्या मुली मारत होत्या, वेळ चालला होता, मी बाहेर खुर्चीच्या कडेवर आलो होतो. त्यांचे खांदे सावकाश खाली आले. हात वर गेला. त्यानंतर शेवटपर्यंत एकही छर्रा काळ्याच्या बाहेर गेला नाही.

सहावा नंबर आला. काकू खूश. पहिल्या आलेल्या मुलीला त्यांनी बोलावून तिच्या पिस्तुलाची मूठ बघितली आणि "बरी हाय" असा शेरा दिला. शेजारच्या मुलीच्या बापाने येऊन हात जोडले; तो काय म्हणाला होता ते मी काकूंना सांगून टाकलं होतं. काकू त्याला म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय तुमची. फक्त तिच्या मागं बसून बोलत नको जाजा."

परतताना आंजीच्या पुढे एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. ऊन उतरलं होतं. रस्त्यापलीकडे कपाशीत बाया वेचणी करत होत्या. काकूंनी बाकावर मांडीवर पिस्तुलाची पेटी घेतली होती. मी मघापासून मनात असलेलं विचारलं.

"काकू, मधे तुम्ही पिस्तूल धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. काय करत होत्या?"

"हात बसू देत होती."

"तो तर बसला होता ना आदल्या दिवशीच?"

काकूंनी कपाशीकडे बघितलं.

"तुह्ये काका लय लाजरे होते," त्या म्हणाल्या. "बजारात जात तं दोन हात पुढं चालत. जत्रेत गर्दी असो, काई असो, कधी हात नाई धरला. लोक काय म्हनतीन. सेवाग्रामच्या दवाखान्यात होते ना शेवटी, तवा धरला. नर्स आली तरी सोडे नाई. मी म्हनो, सोडा, लोक पाहून राह्यले. तं अजून गच्च धरत."

टपरीवाल्याने गॅसवर भांडं आपटलं. काकू अगदी दुकानातल्या आवाजात म्हणाल्या, "तवापासून हाताले कोनाचा हात लागला नाई रे. पोरगा येते तं पाया पडते. गिऱ्हाईक पैशे काउंटरवर ठेवते. ते लाकूड घासता घासता एकदम तसंच बसलं. मंग म्या कानस ठेवून देली."

मी उगाच ग्लास उचलला.

"चहा पे," काकू म्हणाल्या. "थंडा होऊन राह्यला."

त्यांनी आपला ग्लास डाव्या हातात घेतला. उजवा हात पेटीवर होता, तो त्यांनी उचलला नाही.